खळ, डिंक की गमस्टिक?



शाळा सुरू झाली की चिकटवहीचं कामही सुरू होतं. 'माझं कुटुंब', 'आपले पक्षी', 'वाहतुकीची साधनं', 'थोर समाजसुधारक'... विषय मिळतो, चित्रं जमतात, कात्री सापडते आणि मग घरात आरोळी उठते, "आई, गम कुठाय?" कपाटातून जे हाती लागेल ते घ्यायचं, कागदाला फासायचं आणि वही धपकन मिटायची. दुसऱ्या दिवशी वही उघडावी तर काय? मोराच्या अंगावर सुरकुत्या, दोन पानं एकमेकांना चिकटलेली आणि रेल्वेचं इंजिन खाली गळून पडलेलं!

दोष इंजिनाचा नाही, आणि बिचाऱ्या गमचाही नाही. प्रत्येक गमचा स्वभाव वेगळा असतो. कुणी पातळ कागदाशी चांगलं वागतो, कुणी पुठ्ठ्याशी. कुणी एकदा धरलं की सोडत नाही, तर कुणी पाणी लावताच सुटून येतो. आज आपण या सगळ्या मंडळींची ओळख करून घेऊ या.

चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं?

वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरून भिंगातून पाहा. केसांसारखे बारीक तंतू बाहेर आलेले दिसतील. वरून गुळगुळीत दिसणारा कागद म्हणजे खरं तर अशा असंख्य तंतूंची चटईच असते. हे तंतू झाडांपासून मिळतात आणि ते सेल्युलोज नावाच्या पदार्थाचे बनलेले असतात.

ओला गम या तंतूंच्या फटींत शिरतो. त्यातलं पाणी उडून गेलं की तो तिथेच घट्ट होतो आणि दोन्ही कागदांचे तंतू धरून ठेवतो. म्हणून चिकटवल्यावर दाबायचं असतं आणि वाळेपर्यंत थांबायचं असतं. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत तुकड्याला अशा फटीच नसतात. त्यामुळे खळ किंवा डिंक लावून प्लॅस्टिक कागदावर टिकत नाही.

मग सुरकुत्या का पडतात? पाणी प्यायलं की कागदाचे तंतू फुगतात आणि वाळले की आखडतात. गंमत म्हणजे ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र चांगलेच फुगतात. यंत्रावर कागद बनतो तेव्हा बहुतेक तंतू एकाच दिशेला आडवे पडतात, म्हणून ओला कागद एकाच बाजूने जास्त ताणला जातो आणि वाकडा होतो. खात्री करून घ्यायची आहे? जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद घ्या. आधी उभा फाडा, मग आडवा फाडा. एका दिशेला तो सरळ फाटत जाईल, दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. सरळ फाटला ती तंतूंची दिशा.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जास्त गम म्हणजे जास्त मजबुती नव्हे. जास्त गम म्हणजे जास्त पाणी, आणि जास्त पाणी म्हणजे जास्त सुरकुत्या!

आधी तीन प्रश्न

गमच्या बाटलीचं झाकण उघडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : कागद कसा आहे? पतंगी कागदासारखा पातळ, वहीच्या पानासारखा मध्यम की पुठ्ठ्यासारखा जाड?

दुसरा : हे किती दिवस टिकायला हवं? आकाशकंदील दिवाळीपुरता हवा असतो, चिकटवही वर्षभर आणि घरातला अल्बम मात्र पिढ्यान्‌पिढ्या.

तिसरा आणि सगळ्यांत महत्त्वाचा : ही वस्तू पुन्हा काढावी लागेल का? आणि खराब झाली, तर दुसरी मिळेल का?

हे तीन प्रश्न मनात ठेवून आता एकेकाला भेटू.

घरची खळ

आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी वह्यांना कव्हर घालायला, पतंग जोडायला, आकाशकंदिलाच्या कामट्यांवर कागद चढवायला खळच असायची. ती करायला अगदी सोपी आहे. दोन चमचे मैदा घ्या. त्यात आधी थोडं थंड पाणी घालून गुठळ्या मोडा. मग एक कप पाणी होईल इतकं उरलेलं पाणी घाला. आता मोठ्या माणसाला सोबत घेऊन मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण घट्ट आणि थोडं पारदर्शक दिसू लागलं की उतरवा, गार करा आणि फडक्यातून गाळून घ्या. झाली खळ!

थंड पाणी आधी का? मैद्यात स्टार्चचे बारीक कण असतात. साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास ते पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. एकदम गरम पाणी ओतलं तर बाहेरचे कण लगेच फुगतात, आतले कोरडेच राहतात आणि गुठळ्या होतात.

पतंगी कागद, वर्तमानपत्र, कागदी लगद्याची कामं, आकाशकंदील यांना खळ उत्तम. तिचा मोठा गुण म्हणजे पाण्यानं ओली केली की ती पुन्हा सैल होते. म्हणूनच जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं दुरुस्त करणारे तज्ज्ञ आजही गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. फाटलेल्या जागी पातळ पण चिवट जपानी कागद खळीनं लावतात. उद्या तो काढावा लागला तर मूळ पानाला इजा न करता काढता येतो. पाहा, स्वयंपाकघरातली खळ किती मोठ्या ठिकाणी कामाला येते!

तिचे अवगुणही सांगायला हवेत. ती एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. शिवाय खळ म्हणजे झुरळांचं आणि कसरीचं आवडतं खाणं. म्हणूनच वह्या-पुस्तकं बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालत. पण मोरचूद विषारी असतं. तुम्ही ते मुळीच वापरायचं नाही. खळीनं केलेलं काम पूर्ण वाळवून कोरड्या जागी ठेवलं की पुरे.

डिंक

डिंकाचे लाडू तुम्ही खाल्ले असतीलच. झाडाच्या सालीला जखम झाली की तिथून चिकट रस पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. तोच डिंक. आपल्याकडे बाभळीचा आणि धावड्याचा डिंक प्रसिद्ध आहे. खडे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि सकाळी गाळून घ्यायचे. पोस्टाच्या खिडकीशेजारी ठेवलेली डिंकाची चिकट डबी आठवते ना? पाकिटं बंद करणं, वहीच्या पानावर चित्र लावणं अशा कामांना डिंक चांगला. पण तो वाळल्यावर ठिसूळ होतो. ज्या पानाची सारखी उघडझाप होते, तिथे त्याला तडे जातात.

डाकतिकिटांशी तर या मंडळींचं जुनं नातं आहे. मागे चिकट थर असलेलं जगातलं पहिलं डाकतिकीट, 'पेनी ब्लॅक', इंग्लंडमध्ये १८४० साली निघालं. त्याच्या मागचा चिकट थर बटाट्याच्या स्टार्चपासून केलेला होता.

पांढरा गम

म्हणजे आपण ज्याला सरसकट 'फेव्हिकॉल' म्हणतो तो. पूर्वी सुतारकाका लाकूड जोडायला सरस वापरत. जनावरांची हाडं आणि कातडं उकळून सरस करतात. तो गरम करून लावावा लागतो आणि त्याला उग्र वास येतो. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि सुतारांची ही कटकट गेली. पुढे त्याच्या छोट्या बाटल्या तुमच्या दप्तरात येऊन बसल्या.

हा गम म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट नावाच्या पदार्थाचे बारीक कण. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. म्हणून ओला असताना तो दुधासारखा दिसतो आणि वाळल्यावर दिसेनासा होतो. पुठ्ठा, कार्डशीट, कापड, लोकर, मणी, टिकल्या, आइसक्रीमच्या काड्या यांना तो उत्तम. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून मखरं आणि देखावे पुठ्ठ्याचे होऊ लागले आहेत. त्यासाठी हाच गम हवा.

पतंगी आणि क्रेप कागदाला मात्र तो जपून लावा. कागद भिजतो, रंग पसरतो. आणि लक्षात ठेवा, पांढरा गम एकदा वाळला की कागद न फाटता सुटणं फार कठीण. तो कायमचा पाहुणा आहे!

गमस्टिक

ओठांना लावायच्या लिपस्टिकसारखी ही कांडी. साम्य योगायोगाचं नाही, बरं का. तिची कल्पना लिपस्टिकवरूनच सुचली आणि १९६९ साली जर्मनीतल्या हेन्केल कंपनीनं पहिली गमस्टिक बाजारात आणली. हिच्यात पाणी कमी असतं, म्हणून सुरकुत्या कमी पडतात. मासिकातली गुळगुळीत चित्रं, घोटीव कागद, वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवहीत लावायला हिच्यासारखी सोय नाही. लहान भावंडांनाही ती सहज वापरता येते.

पण जाड पुठ्ठा तिला पेलत नाही. झाकण नीट लावलं नाही तर ती वाळून जाते. आणि चित्राच्या कडांना नीट फिरवली नाही, तर कोपरे वर उचलले जातात.

चिकटपट्टी : सोयीची, पण फसवी

पारदर्शक चिकटपट्टी अमेरिकेतल्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९३० साली तयार केली. खोका बंद करायला, तक्ता भिंतीवर लावायला ती झकास. तक्त्यांना आणि भेटकार्डांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टीही छान, कारण तिच्यात पाणीच नसतं. पण फाटलेलं मोलाचं पान जोडायला चिकटपट्टी? नको रे बाबा!

त्याची एक खरी गोष्ट ऐका. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. बहुतेक कातड्यावर लिहिलेल्या होत्या आणि त्यांचे हजारो तुकडे झालेले होते. १९५० च्या दशकात अभ्यासकांनी ते तुकडे जुळवले आणि हाताशी असलेल्या चिकटपट्टीनं जोडले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांत पट्टीचा चिकट थर कातड्यात मुरला, डाग पडले, अक्षरं काळवंडली. गुहेत दोन हजार वर्षं टिकलेल्या लेखनाला चिकटपट्टीनं थोड्याच वर्षांत त्रास दिला! १९९१ साली जेरुसलेममध्ये या गुंडाळ्यांसाठी खास प्रयोगशाळा सुरू झाली. तेव्हापासून तिथले तज्ज्ञ चिकटपट्टीचे अवशेष एकेका तुकड्यावरून हलक्या हातानं काढत आहेत.

तुमच्या घरातही पुरावा सापडेल. जुन्या पुस्तकाला लावलेली पट्टी शोधा. ती पिवळी पडलेली असेल, कदाचित गळूनही गेली असेल आणि खाली तपकिरी डाग उरला असेल.

यांना दूरच ठेवा

झटपट चिकटणारा गम, म्हणजे फेव्हिक्विकसारखा, कागदासाठी नाही. तो कागदात मुरतो आणि कागद कडक होतो. बोटं एकमेकांना चिकटतात ती वेगळीच. तसं झालं तर ओढाताण करू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून हळूहळू सोडवा. सुती कापडावर तो सांडला तर एकदम गरम होऊन भाजू शकतं. तो डोळ्यांजवळ तर कधीच न्यायचा नाही. उग्र वासाचे, चप्पल-बूट चिकटवायचे गमही तुमच्यासाठी नाहीत. त्यांची वाफ शरीराला घातक असते. गरम गमची बंदूक हवी असेल, तर ती मोठ्यांच्याच हातात हवी.

पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. दरवर्षी 'माझं कुटुंब' हा विषय दिला की वर्गात वह्यांमध्ये जुने फोटो येतात. एकदा एका मुलीनं तिच्या पणजीचा काळा-पांढरा फोटो आणला. पणजीचा तेवढा एकच फोटो घरात होता. कात्री हातात होती, पांढऱ्या गमची बाटली उघडी होती. कोपरे कापून फोटो गोल करायचा आणि चिकटवायचा, असा तिचा बेत. तिला थांबवलं. शाळेजवळच्या दुकानातून फोटोची झेरॉक्स काढून आणली, ती गोल कापली आणि वहीत लावली. मूळ फोटो पाकिटात घालून घरी परत गेला. वहीला गुण तेवढेच मिळाले आणि पणजीबाईही सुखरूप राहिल्या!

नियम साधा आहे : जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या अंगाला गम लावायचा नाही. तरीही ते वहीत सुंदर लावता येतं. कसं ते पाहा.

फोटोसाठी कोपरे करा. चार सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी घ्या. ती आडवी ठेवा आणि वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर दुमडा. त्रिकोण तयार होईल. असे चार त्रिकोण करा. फोटोचा एकेक कोपरा त्रिकोणाच्या दुमडलेल्या घड्या आणि पुढचा कागद यांच्यामध्ये सरकवा. आता घड्यांच्या मागे गम लावून त्रिकोण पानावर चिकटवा. गम त्रिकोणालाच लागला पाहिजे. फोटो आत मोकळाच राहतो, हवा तेव्हा काढता येतो.

जुन्या पत्रासाठी कागदाचं पाकीट करा. पाकीट पानावर चिकटवा आणि पत्र आत ठेवा.

डाकतिकिटांसाठी बिजागरी मिळते. म्हणजे मागे सौम्य डिंक लावलेला पातळ कागदाचा दुमडलेला छोटा तुकडा. त्याचा एक भाग तिकिटाला आणि दुसरा वहीला लावायचा. नवंकोरं किंवा दुर्मीळ तिकीट मात्र पारदर्शक खिशातच ठेवावं.

पानाफुलांच्या वहीसाठी पानं आधी वर्तमानपत्रात दाबून पूर्ण वाळवा. मग देठावर कागदाची बारीक पट्टी आडवी ठेवून पट्टीची टोकं चिकटवा. संशोधन संस्थांमधल्या वनस्पतिसंग्रहातही साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद जाड कागदावर वाळलेल्या वनस्पती पट्ट्यांनी किंवा दोऱ्याच्या टाक्यांनी बसवलेल्या दिसतात.

वर्तमानपत्राचं महत्त्वाचं कात्रण असेल, तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन नावाचा पदार्थ राहिलेला असतो. उजेडानं आणि हवेनं त्यामुळे कागद पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. तिथे कितीही चांगला गम वापरला तरी उपयोग नाही.

चिकटवायची रीत

खाली रद्दी पसरा. चित्र उलटं ठेवा. गम चित्राला लावा, वहीला नाही. मधून कडांकडे पातळ थर पसरा, बोटानं नको, ब्रशनं किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यानं. चित्र उचलून जागेवर ठेवा, वर कोरा कागद धरा आणि मधून बाहेर हात फिरवत हवा काढून टाका. शेवटी पानांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला, म्हणजे पानं एकमेकांना चिकटणार नाहीत. वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर वही उघडू नका. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड, हो ना?

करून पाहा

एका मोठ्या कार्डशीटवर सोळा चौकोन आखा. आडव्या ओळींना चार कागदांची नावं द्या : पतंगी, वर्तमानपत्र, घोटीव, पुठ्ठा. उभ्या रांगांना चार गमांची : खळ, डिंक, पांढरा गम, गमस्टिक. प्रत्येक चौकोनात त्या कागदाचा तुकडा त्या गमनं चिकटवा. मागे तारीख लिहा. एका तासानं, दुसऱ्या दिवशी आणि एका महिन्यानं पाहा. सुरकुत्या कुठे पडल्या? रंग कुठे पसरला? कोपरे कुठे उचलले? सुटतं का पाहायला एक कोपरा हलकेच ओढा. या सोळा चौकोनांतून तुम्हाला जे कळेल, ते तुम्ही कधी विसरणार नाही.

थोडं आई-बाबांसाठी

घरात जुने, चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम असतील, तर एकदा उघडून पाहा. त्या पानांचा चिकट थर वर्षांनुवर्षं फोटोला धरून बसतो आणि पिवळा पडतो. जे फोटो सहज निघतात ते काढून कोपऱ्यांच्या अल्बममध्ये किंवा पाकिटात ठेवा. जे निघत नाहीत ते ओढू नका. पानासकट त्यांचे मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि मुलं शेजारी बसलेली असताना प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावं सांगा. ती नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, फार न दाबता लिहून ठेवा. फोटो जपला पण नाव गेलं, असं होऊ नये.

तर मित्रांनो, यापुढे "गम कुठाय?" असं ओरडण्याआधी काय विचारायचं? कागद कसा, किती दिवसांसाठी आणि पुन्हा काढायचं आहे का! उत्तरं मिळाली की बाटली आपोआप सापडेल. मग लागताय ना कामाला? आणि हो, झाकण लावायला विसरू नका!